सिस्टरबाईंचा पहिला इंटरव्ह्यू

सिस्टरना घरातही सगळे सिस्टरच म्हणत. सुरुवात गल्लीने केली, मग किराणा दुकानदाराने, आणि बघता बघता सासऱ्यांच्या तोंडीही तेच बसलं. याचा सगळ्यात जास्त ताप नवऱ्याला झाला. पंखे आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं दुकान होतं, दुकानावर भलीमोठी पाटी होती, तरी अख्खी गल्ली त्याला 'सिस्टरचे मिस्टर' म्हणूनच ओळखायची. स्वभावाने गरीब माणूस. कोणी तशी हाक मारली तरी मुकाट्याने ओ देई.

सिस्टर होत्या ऑपरेशन थिएटरच्या. एका छोट्या दुमजली हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ते थिएटर होतं आणि त्यांची सगळी नोकरी त्या एका खोलीत गेली. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला की त्यात हवं ते हत्यार यायचं. कात्री की चिमटा, हे त्यांना सांगावं लागत नसे. पुष्कळदा डॉक्टरांना कळायच्या आधी सिस्टरना कळलेलं असे. ही सवय घरातही शिरली होती. नवऱ्याने डोळे बारीक केले की चष्मा हजर, सासूबाई खुर्चीवरून उठायला लागल्या की चप्पल पायाशी. लेक कॉलेजात होती. ती म्हणे, आईसमोर मनात विचारसुद्धा जपून करावा लागतो.

मात्र या कामापायी त्यांचं बोलणं आटलं होतं. थिएटरात बोलायचे ते डॉक्टर. भूल देणाऱ्या मॅडम त्यांना उत्तर द्यायच्या. सिस्टर तोंड उघडायच्या ते फक्त मोजायला. पोट उघडण्याआधी रक्त टिपायचे कापडाचे तुकडे मोजायचे, आणि पोट शिवण्याआधी ते सगळे बाहेर आलेत ना, हे पुन्हा मोजायचं. त्यापलीकडे त्यांना कोणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. नोकरीसाठी मुलाखतसुद्धा दिली नव्हती. नर्सिंग शिकत असताना डॉक्टरांनी त्यांचं काम बघितलं आणि म्हणाले, शिक्षण संपलं की इकडेच ये. त्या गेल्या, त्या राहिल्याच.

आणि एक दिवस डॉक्टरांचा हात थरथरू लागला. त्यांनी स्वतःच ते ओळखलं, स्वतःच थांबायचं ठरवलं आणि सगळ्यांना खाली बोलावून तसं सांगितलं. हॉस्पिटल चालवायला घरचं कोणी नव्हतं, म्हणून ते बंद होणार होतं. सिस्टरनी शेवटची हत्यारं धुतली, पुसली, कपड्यात बांधली आणि घरी येऊन न बोलता जेवल्या. त्या तशाही न बोलताच जेवत, त्यामुळे घरात दोन दिवस कोणाला पत्ताच लागला नाही.

कामं मिळत होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, किंवा एखाद्या दवाखान्यात इंजेक्शनं द्यायची. ती वाईट कामं नव्हेत, आणि सिस्टरनी कोणत्याच कामाला कधी नाक मुरडलं नव्हतं. पण त्यांना थिएटर हवं होतं. ते सुटलं तर आपण नुसत्या नावापुरत्या सिस्टर उरू, असं त्यांना वाटे. अशात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने थिएटरच्या एका जागेसाठी माणूस हवं असल्याचं जाहीर केलं. लेकीने परस्पर अर्ज भरून टाकला आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं. सिस्टरच्या पोटात गोळा आला. इतकी पोटं बघितलेल्या बाईला तो कुठे आला असेल हे नेमकं सांगता आलं असतं, पण त्याचा तेव्हा उपयोग नव्हता.

मग घराने कंबर कसली.

पुढाकार सासऱ्यांचा. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आपण तराजूकडे नुसतं बघितलं तरी दुकानदार आपण होऊन कबुली देत, अशी त्यांची ख्याती होती. ती ते स्वतःच सांगत, हा भाग वेगळा. निवृत्तीनंतर त्यांना दरडावायला कोणी उरलं नव्हतं. सुनेची मुलाखत म्हणजे त्यांना लॉटरीच लागली. जेवणाचं टेबल पुसून मोकळं झालं, त्यामागे तीन खुर्च्या लागल्या, मधल्या खुर्चीत सासरे जुना कोट चढवून बसले. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सासूबाई. नवऱ्याला दाराशी उभं केलं. 'पुढचा उमेदवार' म्हणून पुकारायचं एवढंच काम त्याला दिलं होतं आणि ते तो मन लावून करी.

सिस्टर यायच्या, खुर्चीच्या टोकावर बसायच्या. सासरे विचारायचे, "तुम्ही आजवर काय काम केलंत?" सिस्टर सांगायच्या, "डॉक्टरांनी पित्ताशयाची ऑपरेशनं केली, हर्नियाची केली, अपेंडिक्सची तर कितीतरी केली." सासरे लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे. पुन्हा प्रश्न. पुन्हा डॉक्टरांनी अमुक केलं, डॉक्टरांनी तमुक केलं. पुन्हा पट्टी. शेजारच्यांना वाटलं, या घरात कोणाची तरी शिकवणी लागली.

"सिस्टर," सासरे शेवटी पट्टी खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टरांचं माप डॉक्टरांपाशी राहू दे. तुमचं माप वेगळं काढा. मी म्हणा, मी. दोन अक्षरंही नाहीत त्यात, एकच आहे."

लेकीची तऱ्हा वेगळी. तिने इंटरनेटवरून प्रश्नोत्तरं जमवली होती. तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता, असं विचारलं तर म्हणायचं, मी कामात फार झोकून देते. सिस्टरना हे काही केल्या पचेना. हा दोष कुठे आहे, त्या विचारायच्या. लेक कपाळावर हात मारून समजवायची, की दोष असाच सांगायचा असतो, ऐकणाऱ्याला तो गुण वाटला पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, पेशंटने आपलं दुखणं अशा पद्धतीने सांगितलं तर उपचार कशावर करायचा? यावर दाराशी उभा असलेला नवरा खुसखुसला. त्याला बाहेर काढण्यात आलं, म्हणजे तसा तो बाहेरच होता.

सासूबाई मात्र बहुतेक वेळ शेंगा सोलत बसत. त्या मुळात अबोल, आणि सुनेशी तर कामापुरत्या. भांडण नव्हतं, पण काही वर्षांपूर्वी कसली तरी अढी बसली होती आणि ती का, हे सिस्टरना कधी कळलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता. एका संध्याकाळी सासऱ्यांनी, सभासदांना काही विचारायचं आहे का, असं साहेबी थाटात विचारलं, तेव्हा सासूबाईंनी शेंगांची ताटली बाजूला सारली.

"मला विचारायचंय," त्या म्हणाल्या. "माणसाची सेवा कुठेही करता येते. तुला ते थिएटरच कशाला हवं? असं काय आहे तिथे?"

सिस्टरनी अनुभवाचं सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली नाही. सिस्टरनी शिक्षणाचं सांगितलं, मग सवयीचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हे कारण नव्हे," आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्या आवाजात काहीतरी टोचरं होतं. रोजच्या रोज तो प्रश्न येऊ लागला आणि रोज सिस्टर त्यात नापास होऊ लागल्या. बाकी उत्तरं हळूहळू बसत गेली, 'मी' सुद्धा अधूनमधून तोंडी येऊ लागलं, पण या एका ठिकाणी गाडी अडली ती अडलीच. तरी झोपायला जाताना सिस्टरना वाटे, आपल्यासाठी चार माणसं आपापली कामं सोडून खुर्च्या मांडून बसतात, हेच केवढं आहे. हे त्यांना कोणाला सांगता आलं नाही. सांगता येत असतं तर तयारीची गरजच कशाला पडली असती?

मुलाखतीच्या दिवशी सोबत कोण जाणार यावर चर्चा झालीच नाही. सासरे सकाळीच कोट घालून तयार होते. हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बाकावर दोघं बसले. आजूबाजूच्या मुली वयाने लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, फडाफडा बोलणाऱ्या. कोणी पोटात कॅमेरा घालून करायच्या ऑपरेशनचं प्रशिक्षण घेतलेली, कोणी दोन हॉस्पिटलं बदलून आलेली. सिस्टरचे तळहात घामाने ओले झाले. फाइल सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून त्या हात धुवायला गेल्या.

आणि तिथेच घोटाळा झाला. नळाखाली हात गेले आणि पुढचं सगळं हातांनीच केलं. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत. धुता धुता सिस्टरचं मन असं शांत झालं, की आपण कुठे आहोत याचा त्यांना विसर पडला. पाणी कोपरावरून गळावं म्हणून त्यांनी हात छातीसमोर उभे धरले आणि त्या बाहेर आल्या, तेवढ्यात शिपायाने त्यांचा पुकारा केला. थिएटरची बाई धुतलेल्या हाताने दाराला हात लावत नाही. सिस्टर वळल्या, पाठीने दार ढकललं आणि उलट्या पावली मुलाखतीच्या खोलीत शिरल्या.

आत तीन माणसं होती. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिका, म्हणजे मेट्रन. एक सर्जन. आणि नोकरभरतीच्या विभागातला एक तरुण, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला. त्यांना आधी उमेदवाराची पाठ दिसली, मग अंबाडा, मग गरकन वळलेली बाई, दोन्ही हात समोर उभे, कोपरातून पाणी गळतंय. तरुण शिष्टाचारी होता. त्याने उठून हात पुढे केला. सिस्टर चटकन एक पाऊल मागे सरल्या.

"नको, हात धुतलेत," त्या म्हणाल्या.

तरुण आपल्या हाताकडे बघत राहिला. एवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि सासरे आत आले. सून फाइल विसरली म्हणून आलेले सासरे, पण समोर टेबल, मागे तीन खुर्च्या बघितल्या आणि त्यांचा पाय निघेना. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, कोट सारखा केला, तिघांना नमस्कार केला. तरुणाने मेट्रनना हळूच विचारलं, यातला उमेदवार नक्की कोण?

"हे माझे सासरे," सिस्टर लाल होत म्हणाल्या. "यांनी माझी तयारी करून घेतली."

मेट्रननी हात पुसायच्या कागदाची गुंडाळी सिस्टरपुढे सरकवली. त्या हसत होत्या, पण ते हसू टिंगलीचं नव्हतं. आपणही एकदा बहिणीच्या लग्नात असंच पाठीने दार ढकलून शिरलो होतो, असं त्या म्हणाल्या. सासरे बाहेर गेले, दार पूर्ण न लावता. सिस्टरनी हात पुसले, बसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की भीती कुठेतरी गळून गेलीय. याहून अधिक फजिती आता व्हायची उरली नव्हती. समोरच्या तिघांचे पूर्ण चेहरे बघण्याऐवजी त्यांनी नुसते डोळे बघितले. मास्कवरचे डोळे बघूनच त्यांनी आजवर माणसं ओळखली होती, तेवढं त्यांना पुरत होतं.

सर्जनने कॅमेऱ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. सिस्टरनी सरळ सांगितलं, की आमच्याकडे ते यंत्र नव्हतं, मला त्यातलं येत नाही, शिकवलंत तर शिकेन. मग त्याने विचारलं, कामात झालेली एखादी चूक सांगा. लेकीचं उत्तर सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

त्या म्हणाल्या, एकदा शिवायच्या आधी मोजलं तर एक कापड कमी भरलं. डॉक्टर घाईत होते, नीट मोजा म्हणाले. मी पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. मी म्हटलं, शिवायचं नाही. डॉक्टर चिडले, सगळे शोधत राहिले, पेशंटला भूल वाढवावी लागली. शेवटी ते कापड माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेलं निघालं. माझ्या हातून पडलं होतं. चूक माझी, आणि तिच्यापायी पेशंट जास्त वेळ भुलीखाली राहिला.

"मग पुढच्या वेळी काय कराल?" सर्जनने विचारलं.

"आधी माझी चप्पल बघीन," सिस्टर म्हणाल्या. "पण सापडेपर्यंत शिवू देणार नाही."

सर्जनने मेट्रनकडे बघितलं. आता तो तरुण पुढे सरकला. तो मनाने चांगला होता. त्याने समजावून सांगितलं, की थिएटरला जागा एकच आहे आणि तिला नवं शिकलेल्या मुली पुष्कळ आहेत. वॉर्डात मात्र जागा आहेत, सिस्टरचा अनुभव बघता तिथे आज, या क्षणी, होकार देता येईल. पगार तोच. मग थिएटरचाच हट्ट कशासाठी?

सिस्टरच्या कानात शेंगा सोलल्याचा आवाज आला. हाच तो प्रश्न, रोज नापास होण्याचा. हो म्हटलं असतं तर नोकरी हातात होती आणि घरी तोंड गोड करून जाता आलं असतं. पण रोज तोच प्रश्न अंगावर घेऊन त्यांची अनुभवाची, शिक्षणाची, सवयीची सगळी उत्तरं संपून गेली होती. आता उरलं होतं तेवढंच खरं होतं.

"वॉर्डातला पेशंट बोलू शकतो," त्या म्हणाल्या. "दुखलं तर ओरडतो, कोणी चुकलं तर भांडतो. त्याचं माणूस जवळ असतं. थिएटरात तो झोपलेला असतो आणि त्याचं माणूस दाराबाहेर असतं. आत सगळे कामात. अशा वेळी त्याच्या बाजूने एक तरी माणूस जागं लागतं, जे दुसरं काही करत नाही, नुसतं मोजतं आणि बघतं. ते काम मी करत आले. मी ते चांगलं करते."

बाहेर, अर्धवट उघड्या दारामागे, कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. एका उत्तरात 'मी' दोनदा आलं होतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलत होत्या मेट्रन. थिएटरची जागा सिस्टरना दिली होती. कॅमेऱ्याचं काम मात्र नव्या मुलींबरोबर बसून पहिल्यापासून शिकावं लागणार होतं, आणि त्याला सिस्टर इतक्यांदा हो म्हणाल्या की मेट्रनना फोन ठेवावा लागला. घरात एकच गोंधळ उडाला. लेक आईच्या गळ्यात पडली आणि आपली प्रश्नोत्तरं किती उपयोगी पडली ते सांगू लागली. नवरा दुकान अर्ध्यात टाकून आला. सासऱ्यांनी तर सगळी मुलाखत शेजाऱ्यांना दोनदा ऐकवली, त्यात स्वतःचं आत जाणं थोडं लांबवून.

सिस्टर मात्र स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आई, तुमचाच प्रश्न आला होता," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही रोज विचारला नसता तर मला उत्तर सापडलं नसतं. तुमचे फार उपकार आहेत."

"उपकार कसले," सासूबाई वळल्या नाहीत. "मी तयारी करून घेत नव्हते. मला खरंच विचारायचं होतं."

आणि मग इतक्या वर्षांचं ते बाहेर आलं. त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सिस्टरच्याच थिएटरात झालं होतं. त्यांना टेबलावर घेतलं तेव्हा त्या भीतीने अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं, तर सून कोपऱ्यात हत्यारं लावत उभी. जवळ आली नाही, हात धरला नाही, एक शब्द बोलली नाही. परक्या नर्सने डोक्यावरून हात फिरवला आणि घरची सून मोजत राहिली. तेवढं बघून भुलीने त्यांचे डोळे मिटले होते. तेव्हापासून ते मनातून जात नव्हतं.

सिस्टर ओट्याजवळ सरकल्या. तेव्हा आणखी कोणी मोजणारं नव्हतंच, त्या म्हणाल्या. आणि तुमच्याजवळ आले असते तर मला रडू आलं असतं, हात थरथरले असते. तुमच्या वेळी मी तीनदा मोजलं, आई. एरवी दोनदा मोजतात.

सासूबाई आता वळल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सुनेचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ते हात नेहमीसारखे धुतलेले आणि थोडे ओले होते.

"ह्यांनी घरी येऊन सांगितलं, तू तिथे काय बोललीस ते," त्या म्हणाल्या. "झोपलेल्याच्या बाजूने जागं राहायचं. म्हणजे तेव्हा तू माझ्याच बाजूने होतीस आणि मी इतकी वर्षं तुझ्यावर रुसून बसले."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. आता न बोलता चालण्यासारखं होतं.

"जा मग, तिथेच जा," सासूबाई म्हणाल्या. "कोणाची तरी सासू असेल टेबलावर."